घर दुरुस्तीला, बिऱ्हाड हॉटेलात: कुणी राहिलंय का असं?

पागोळी

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर सल्ला मागण्यात अर्थ नसतो.

ठाण्यात नौपाड्यात आमचा टू बीएचके आहे. इमारत ऐंशीच्या दशकातली. वरच्यांच्या संडास-बाथरूमचं पाणी कित्येक पावसाळे आमच्या छतात मुरतंय. तक्रार केली की वरचे मोरीच्या फरशांच्या फटीत पांढरं सिमेंट भरायचे आणि आम्ही छताला रंग मारायचो. या फेब्रुवारीत संडासाच्या छताचा पापुद्रा रात्री धाडकन खाली आला. आत कुणी नव्हतं म्हणून निभावलं. वर बघितलं तर सळया उघड्या, गंजून पेन्सिलीएवढ्या झालेल्या. संस्थेने स्ट्रक्चरल इंजिनिअर आणला. त्यांनी दोन्ही बाथरूम, स्वयंपाकघराचा कोपरा आणि एक तुळई एवढं काम काढलंय. वरच्यांचंही त्याच वेळी होणार. म्हणजे आमच्याकडे संडास नाही, मोरी नाही, ओट्याचं पाणी नाही. घरात राहण्याचा प्रश्नच मिटला.

माणसं पाच. सासूबाई (वय ८१, गुडघे गेलेले, वॉकर), आम्ही दोघं, मुलगी यंदा दहावीत जाणार, तिचे सुट्टीतले क्लास चालू, आणि धाकटा चौथीतला.

काम एप्रिल-मेमध्ये काढायचंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय, "मॅडम, एक महिना." भाड्याने जागा शोधली. एक-दोन महिन्यांसाठी कुणी देत नाही. एजंट सरळ म्हणाला, अकरा महिन्यांचं असेल तर बोला. डिपॉझिट, दलाली, करारनाम्याची नोंदणी, टेम्पो, पुन्हा परत टेम्पो. त्यापेक्षा शाळेजवळच्या साध्या हॉटेलात दोन खोल्या घ्याव्यात असं नवऱ्याचं म्हणणं. मला ते उधळपट्टीचं वाटतंय. कुणी राहिलंय का असं? जेवणाचं काय केलंत? वयस्कर माणूस कसं काढतं दिवस?

---

विटवाळू

आधी एक करा, 'एक महिना' डोक्यातून काढून टाका. मी याच धंद्यात आहे. कॉन्ट्रॅक्टर खोटं बोलत नाही, तो फक्त हात चालण्याचे दिवस मोजतो. सिमेंट वाळण्याचे दिवस त्याच्या हिशेबात नसतात.

क्रम असा असतो. पहिल्यांदा फोडाफोड आणि डेब्रिज खाली नेणं. संस्थेत दुपारी दोन ते चार आवाज बंद असणारच, म्हणजे दिवस तसाही अर्धाच. मग सळया घासून गंज काढायचा, गंजरोधक लावायचं, जिथे सळई फार खाल्ली गेलीय तिथे नवी जोडायची. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणूनच तो आतून काँक्रीट फोडून बाहेर ढकलतो. तो पूर्ण न काढता वर पॉलिमर मॉर्टर थापलं तर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. तुळईला मायक्रोकाँक्रीट (साच्यात ओतायचं बारीक खडीचं काँक्रीट) असेल तर खालून टेकू लावावे लागतील आणि ते लगेच काढता येत नाहीत.

मग वरच्यांच्या बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये वॉटरप्रूफिंग, विटांच्या तुकड्यांचा कोबा, आणि पाणी कोंडून ठेवण्याची चाचणी. ती किमान २४ तास, मी स्वतः ४८ ते ७२ तास ठेवतो. या काळात खाली तुमच्या छताला ओल दिसली की पुन्हा पहिल्यापासून. ही चाचणी कुणी "कशाला मॅडम, मी आहे ना" म्हणून टाळायला लागला तर हाताला धरून थांबवा. मग गिलावा, त्याला निदान सात दिवस पाणी मारणं, मग टाइल्स. रंग तर सगळ्यात शेवटी, भिंत नीट सुकल्यावर.

त्यात तुम्ही एप्रिल-मे म्हणताय. मे महिन्यात अर्धे कारागीर गावी जातात, लग्नं आणि शेतीची कामं असतात त्यांची. हॉटेलवाल्याशी बोलताना दोन महिने धरूनच बोला. लवकर संपलं तर पेढे वाटा.

---

मंदार_डोंबिवली

हॉटेल?? दोन महिने?? अहो नातेवाईक कशासाठी असतात? आमच्या लहानपणी चाळीत दुरुस्ती निघाली की अख्खं बिऱ्हाड मावशीकडे. गाद्या घातल्या की झालं. पोरांना मजाच.

---

चकलीचं_पीठ

मंदार, मजा पोरांना. मावशीला विचारलं होतं का कुणी?

---

मंदार_डोंबिवली

मावशी स्वतःच म्हणायची, या म्हणून!

---

चकलीचं_पीठ

"या" म्हणणारच हो ती. मी अशीच धाकट्या दिराकडे राहिलेय बाथरूमच्या कामासाठी. दीर-जाऊ सोन्यासारखी माणसं आहेत, आजही आहेत. पण दुसऱ्या आठवड्यात जावेने गॅस पुसताना जो उसासा सोडला तो मला अजून ऐकू येतो. तिच्या ओट्यावर मी पाहुणी म्हणून बसू शकत नव्हते आणि घरची म्हणून डबेही उघडू शकत नव्हते. पागोळी, तुमच्या सासूबाई लेकीकडे आनंदाने राहतील तर त्यांना जरूर पाठवा. पाचही जणांनी जाऊ नका. नातं टिकवायचं तर हॉटेलचं बिल स्वस्त.

---

पागोळी

नणंद डोंबिवलीलाच आहे, वन बीएचके, चौथा मजला आणि लिफ्ट नाही. सासूबाईंना एकदा वर चढवलं की काम संपेपर्यंत खाली आणणं नाही. त्या स्वतःच म्हणाल्या, "मला काय कोंडून ठेवताय का?" त्यामुळे तो पर्याय गेला.

---

फ्रंट_डेस्क

वीस-एक वर्षं हॉटेलात काढली आहेत, आता निवृत्त. काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो.

१. ऑनलाइन बुकिंग करू नका. प्रत्यक्ष जा, दुपारी बारानंतर, चेकआउटची गर्दी ओसरल्यावर. रिसेप्शनवरच्या मुलाशी घासाघीस करू नका, त्याच्या हातात काही नसतं. सेल्स मॅनेजर किंवा मालकाला भेटा आणि "दोन खोल्या, दोन महिने" हे पहिल्या वाक्यात सांगा. पोर्टलला जे कमिशन द्यावं लागतं ते तुमच्यामुळे वाचतंय हे त्याला लगेच कळतं. लिहिलेल्या दरापेक्षा बरंच खाली येतात.

२. लग्नसराईचं आधी विचारा. बँक्वेट हॉल असलेलं हॉटेल मे महिन्यात टाळाच. मुहूर्ताच्या दिवशी वऱ्हाडासाठी पूर्ण मजला लागतो तेव्हा "तुम्ही दोन दिवस वरच्या खोलीत जाता का" अशी विनंती येते आणि बँडबाजा फुकट. दर आणि खोली बदलणार नाही हे ईमेलवर लिहून घ्या. तोंडी शब्द मॅनेजर बदलला की गेला.

३. लिफ्टशेजारची आणि किचनच्या एक्झॉस्टवरची खोली घेऊ नका. आतून दार असलेल्या दोन खोल्या मिळाल्या तर उत्तम.

४. ओळखपत्रं सगळ्या मोठ्या माणसांची लागतात. आधारच हवं असं नाही, मतदार ओळखपत्र, लायसन्स चालतं.

५. आजींसाठी खोली बघताना पलंग बघू नका, बाथरूम बघा. उंबरठा किती, जमीन ओली राहते का, कमोडशेजारी धरायला काय आहे. हॉटेलच्या गुळगुळीत टाइलवर पडलेले कितीतरी पाहुणे मी उचललेत.

---

हिशेबनीस

कराचं मी सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. त्याच्या वर १८. हा हिशेब प्रत्येक खोलीचा वेगळा, दोन खोल्यांची बेरीज करायची नसते. कुणी अजून जुन्या दराचं कोटेशन काढत असेल तर दाखवून द्या.

दुसरं, खर्च कुणाचा हे आत्ताच लेखी घ्या. संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास, मोरी, सिंक यांची आतली गळती त्या त्या सभासदाने स्वतःच्या खर्चाने काढायची, गच्ची आणि बाहेरच्या भिंतीची संस्थेने. तुमचं छत वरच्यांमुळे गेलंय. निदान छताच्या आणि तुळईच्या कामाचा वाटा कुणी किती उचलायचा हे कमिटीच्या सभेत इतिवृत्तात आलं पाहिजे. आणि तुमच्या वयाच्या इमारतीला दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट लागतं (१५ ते ३० वर्षांच्या इमारतीला पाच वर्षांनी). मागचं कधी झालं होतं ते विचारा बघू, सेक्रेटरी चहा मागवतील.

---

टेक्सासकर

आम्ही राहिलोय, फक्त कारण वेगळं. फेब्रुवारी २०२१ ची ती थंडी आठवत असेल. टेक्सासात वीज गेली, घरं गोठली, माळ्यावरचे पाण्याचे पाइप फुटले. आमचं हॉलचं छत ओल्या पापडासारखं लोंबत होतं. डॅलस परिसरातल्या निम्म्या प्लंबरांना एकाच आठवड्यात फोन जात होते, त्यामुळे दुरुस्तीला महिने लागले. आम्ही दोघं, दोन मुलं आणि भारतातून आलेले आईबाबा, एका एक्स्टेंडेड स्टे (जास्त दिवस राहणाऱ्यांसाठीच्या) हॉटेलात.

इथे घराच्या विम्यात 'लॉस ऑफ यूज' म्हणून भाग असतो, त्यातून हॉटेलचे पैसे मिळाले. पण लोकांचा एक गैरसमज असतो की सगळं मिळतं. मिळतो तो फक्त *वाढीव* खर्च. घरी किराण्यावर महिन्याला ८०० डॉलर जात असतील आणि हॉटेलात बाहेर खाऊन १४०० झाले, तर मिळणार ६००. घराचा हप्ता तुम्ही भरतच राहायचा. दर कपडे धुण्याची पावती, दर पार्किंगची पावती. माझे बाबा बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी बुटाच्या खोक्यात तारीखवार पावत्या लावल्या आणि विम्याचा माणूस त्यांच्याकडे बघतच राहिला.

आणखी एक, टेक्सासात सलग ३० दिवस किंवा जास्त राहणार असं सुरुवातीलाच हॉटेलला लेखी दिलं तर हॉटेलचा कर पहिल्या दिवसापासून लागत नाही. न सांगता राहिलात तर पहिल्या ३० दिवसांचा भरावा लागतो. इथले कुणी वाचत असतील तर लक्षात ठेवा.

आई मात्र कंटाळली. खोलीत दोन शेगड्या आणि छोटा फ्रीज होता, पण फोडणी टाकली की स्मोक अलार्म. हिंग-मोहरीवर तीन वेळा अख्खं हॉटेल पार्किंगमध्ये उतरलं. चौथ्यांदा शेजारच्या खोलीतल्या मेक्सिकन आजी पोळीचा तुकडा मागायला आल्या आणि मग दोघींची रोज बैठक.

---

पागोळी

टेक्सासकर 😄 आपल्याकडे विम्यात असं काही असतं का?

---

हिशेबनीस

असतं. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. त्यात विमा असलेल्या कारणाने घर राहण्यालायक उरलं नाही तर पर्यायी जागेचं भाडं धरलेलं आहे. आग, भूकंप, पूर, वादळ, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं वगैरे. मात्र वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी आणि वयोमानाने झालेली झीज त्यात बसत नाही. म्हणजे टेक्सासकरांचं प्रकरण बसलं असतं, तुमचं नाही. वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या इमारतीत कुणाकडे पॉलिसी असेल तर मला आश्चर्यच वाटेल.

---

गिरगावकर

दोन महिन्यांची काय काळजी करता? आमच्या चाळीतली काही बिऱ्हाडं 'तात्पुरती' म्हणून म्हाडाच्या संक्रमण शिबिरात गेली. तिथे जन्मलेल्या मुलांची लग्नं झाली. कॉन्ट्रॅक्टरला पैसे टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा हप्ता मोठा ठेवा, आणि रोज एकाने कामावर चक्कर मारा. घर रिकामं दिसलं की कारागीर दुसऱ्या साइटवर पळवतात.

---

पागोळी

अपडेट देते, बऱ्याच जणांनी व्यनित (खासगी निरोपात) विचारलं.

हॉटेलात आलोय. फ्रंट_डेस्क काका, तुमचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. मॅनेजरने आधी खुर्ची दिली, मग पाणी, मग दर उतरवला. दोन खोल्या, आतून दार, सकाळचा नाश्ता धरून. बँक्वेट नाही.

सासूबाईंचं बाथरूम हाच खरा प्रश्न निघाला. उंबरठा जेमतेम दोन बोटं, पण वॉकर अडतोच. घरून पाटाएवढी एक लाकडी फळी आणली, रबरी मॅट आणि मोरीतलं प्लास्टिकचं स्टूल आणलं. कमोडशेजारी धरायला काहीच नव्हतं. हॉटेलच्या मेंटेनन्सवाल्या दादांना विचारलं, भिंतीत भोक मारायला परवानगी नाही म्हणाले, पण संध्याकाळी कुठूनसा कमोडभोवती ठेवायचा लोखंडी घोडा घेऊन आले. त्यांच्या वडिलांचा होता.

देव बरोबर आणलेत. समई, निरांजन काही लावता येत नाही, वर डिटेक्टर आहे. सासूबाईंनी बॅटरीची पणती बघितली आणि "हे काय देवाला फसवायचं?" म्हणाल्या. आता फक्त फूल आणि गंध. फुलंही लॉबीतल्या फुलदाणीतून येतात असा मला संशय आहे, पण मी काही विचारत नाही.

नाश्त्याचं पहिल्या आठवड्यात कौतुक होतं. इडली, पोहे, ऑम्लेट, कॉर्नफ्लेक्स. धाकट्याने तीन दिवस नुसतं चॉकलेटचं दूध प्यायलं. आता कुणालाच बघवत नाही. सासूबाई सकाळी एक केळं आणि चहात बुडवून टोस्ट, बस्स.

---

चकलीचं_पीठ

दुपारचं आणि रात्रीचं?

---

पागोळी

तेच सांगायचं होतं. हॉटेलच्या मेन्यूवर महिनाभर जगता येत नाही, सगळ्या भाज्यांचा रस्सा एकच. जवळच्या एका काकूंचा डबा लावलाय, दोन्ही वेळचा. भाजी बरी, पोळ्या मऊ. वरण-भात मात्र पातळसर येतो आणि सासूबाईंना घट्ट वरण लागतं. मग मी एक छोटा इलेक्ट्रिक कुकर आणलाय. खोलीत लावते. सांगू नका कुणाला.

---

फ्रंट_डेस्क

मी वाचलं 🙂

रागावू नका, पण हे नका करू. खोलीच्या सॉकेटची वायर कुकरच्या भाराची असेलच असं नाही, आणि पडदे, गालिचा, गाद्या सगळं पेट घेणारं. रात्री आग लागली तर तुमच्याच सासूबाई वॉकर घेऊन जिना उतरू शकणार नाहीत. मॅनेजरला सरळ सांगा की आजींसाठी रोज वाटीभर वरण-भात हवा आहे. स्टाफचं जेवण रोज शिजतं, त्यात साधं वरण असतंच. मेन्यूवर नसतं म्हणून पाहुण्यांना कळत नाही.

---

पागोळी

काका, विचारलं. रोज दुपारी साडेबाराला स्टीलच्या वाटीत वरण येतं, वर तूप. मेन्यूवरच्या दाल तडक्यापेक्षा शंभर पटीने चांगलं. कुकर नवऱ्याने ऑफिसात नेऊन ठेवलाय.

---

वऱ्हाडी_मिरची

कपड्यांचं काय केलंत? आम्ही नागपुरात हॉटेलात होतो तेव्हा लॉन्ड्रीचं बिल बघून नवऱ्याने दोन दिवस एकच बनियन घातली.

---

पागोळी

हॉटेलची लॉन्ड्री नगावर असते, रुमालाचेही पैसे. आतले कपडे बाथरूममध्ये, बाकीचे कोपऱ्यावरच्या किलोवाल्या लॉन्ड्रीत. शाळा-क्लासच्या कपड्यांना फक्त इस्त्री. खोलीच्या खिडकीत दोरी बांधू देत नाहीत.

खरी अडचण लेकीच्या अभ्यासाची होती. खोलीत टीव्ही, धाकटा आणि आजी. तिने स्वतःच तोडगा काढला. रात्री दहानंतर रेस्टॉरंट बंद झालं की तिथल्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसते. रात्रपाळीचा मुलगा मुक्त विद्यापीठातून बीकॉम करतोय, तोही पुस्तक घेऊन बसतो.

---

विटवाळू

आणि काम कुठवर आलं?

---

पागोळी

पाण्याची चाचणी एकदा नापास. दुसऱ्या दिवशी सकाळी छताला वाटीएवढी ओल. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "ही जुनीच ओल आहे." तुमचं वाचलेलं होतं म्हणून ऐकलं नाही. ओलीभोवती पेन्सिलने रेघ मारली आणि संध्याकाळी पुन्हा गेले, ओल रेघेबाहेर. मग तो गप्प. नाहणीच्या जाळीखालचा जोड सुटा निघाला. पुन्हा केलं, आता कोरडं आहे. गिलाव्याला पाणी मारणं चालू आहे, ते धाकटा आणि त्याचे बाबा जाऊन करतात.

---

विटवाळू

पेन्सिलची रेघ झकास. आता टाइल्सची घाई करू देऊ नका, तो म्हणेलच "शाळा सुरू व्हायच्या आत देतो."

---

मंदार_डोंबिवली

शेवटी एकूण किती गेले ते सांगा की. मला अजून वाटतं, नातेवाईक परवडले असते.

---

पागोळी

आकडा टाकत नाही, नवराही वाचतो इथे. पण ढोबळ सांगते. खोल्यांचं भाडं आम्ही धरलं होतं तेवढंच आलं. अंदाज चुकला तो वरखर्चाचा: बाहेरचा चहा, मुलांचं चटरमटर, रिक्षा, घरी-हॉटेल-घरी चकरा. अकरा महिन्यांच्या कराराची दलाली, दोन वेळचा टेम्पो आणि न राहता भरायचं भाडं धरलं तर हॉटेल आम्हाला स्वस्त पडलं. चार महिने लागले असते तर नसतं पडलं. आम्ही फक्त दोघंच असतो आणि घरात दुसरा संडास चालू असता, तर मी घर सोडलंच नसतं.

नणंद दर रविवारी डबा घेऊन येते, मंदार. अळूची भाजी, मसालेभात. लॉबीत बसून खातो सगळे. मॅनेजरने पहिल्यांदा भुवया उंचावल्या होत्या, आता त्यांच्यासाठीही एक वाटी वेगळी काढते.

---

मंदार_डोंबिवली

बरं, मान्य. अळूचं फतफतं असेल तर मीही येतो.

---

नवी_मुंबईकर

धागा वर काढतो. पुढच्या महिन्यात आमच्याकडेही हेच निघतंय, आई ७६ वर्षांची. पागोळीताई, डबेवाल्या काकू आणि ते किलोवाले लॉन्ड्री यांचे नंबर मिळतील का? आणि कमोडचा घोडा विकत कुठे मिळतो?

---

पागोळी

नंबर व्यनि केलेत. घोडा सर्जिकल वस्तूंच्या दुकानात मिळतो, 'कमोड फ्रेम' म्हणून मागा. भाड्यानेही देतात. घेताना पायांचे रबर बघून घ्या, झिजलेले असतील तर बदलून मागा.